वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरचं जेवण: श्रावण, लोकल आणि डबा

मीठभाकर

मंडळी, माझं स्लीव्हचं ऑपरेशन होऊन महिना उलटला. माहीत नसलेल्यांसाठी: यात जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही थोडा जास्त काढून टाकतात आणि उभी अरुंद नळी तेवढी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. पातळ खाण्याचे आणि मिक्सरमधून काढलेल्या खाण्याचे आठवडे संपले, आता मऊ आहार चालू आहे. टाके छान, तपासण्या ठीक, डॉक्टर खूश.

अडचण पुढेच आहे. सोमवारपासून ऑफिस. कांदिवली ते चर्चगेट लोकल, तिथून नरिमन पॉइंटला चालत. हॉस्पिटलने दिलेला तक्ता चांगला आहे, पण घरी निवांत बसलेल्या माणसासाठी केलाय. 'दिवसभर घोट घोट पाणी प्या', 'जेवणाला अर्धा तास द्या', 'दर तीन तासांनी थोडं खा'. आमची जेवणाची सुट्टीच अर्धा तास, त्यातला निम्मा वेळ मायक्रोवेव्हच्या रांगेत. आणि पाण्याचं म्हणाल तर लोकलमध्ये बाथरूम नाही, हे बायकांना वेगळं सांगायला नको.

वर श्रावण. या महिन्यात सासूबाई घरात अंडंसुद्धा येऊ देत नाहीत. रोजची ६० ग्रॅम प्रथिनं भरायची आणि एका वेळी पोटात जेमतेम अर्धी वाटी जाते. पावडरीच्या व्हॅनिला वासाची शिसारी आलीय. लवकरच घरी दीड दिवसाचा गणपती, म्हणजे माणसांची रीघ आणि प्रत्येकाचा आग्रह.

यातून गेलेल्यांनी डब्यात काय नेता, पाणी कसं जमवता, पोळी कधी सुरू केलीत, एवढं सांगा. 'ऑपरेशन कशाला केलंस' हा विषय घरी बोलून झालाय, तो इथे नको.

गोरेगावचे_काका

ताई, माझी बायपास, हृदयाची नव्हे, पोटाची: जठराची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडतात. बरीच वर्षं झाली. स्लीव्ह आणि बायपासमध्ये फरक आहे, पण खाण्याची शिस्त बरीचशी सारखी.

आधी पोळीचं. घाई करू नका. मऊ पोळी, पाव, नान हे प्रकार थुंकीबरोबर चिकट गोळा होऊन वरच अडकतात. अडकलं की छातीच्या मधोमध गच्च वाटतं, तोंडाला पाणी सुटतं, फेसाळ थुंकी येते. तेव्हा वरून पाणी ओतून ढकलायला जायचं नाही, आणखी त्रास होतो. थांबायचं, उभं राहायचं, चार पावलं चालायचं. मला ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून पोळीच्या कितीतरी आधी जमायला लागली. कांदिवलीत आहात तर खाकरा दारात मिळतो, तो मऊ पोळीपेक्षा सोपा जातो कारण त्याचा चुरा होतो. फक्त टीव्हीसमोर खाकऱ्याचं पाकीट घेऊन बसू नका, ते पोटात जागाच घेत नाही आणि हात थांबत नाही.

भाताचं प्रत्येकाचं वेगळं. मोकळा भात मला अजून नको वाटतो, मऊ गुरगुट्या मेतकूट घालून चालतो.

जेवायला चहाचा चमचा घ्या. घास तोंडात पार गंधासारखा होईपर्यंत चावा. पहिले काही महिने ढेकर किंवा उचकी आली, नाक वाहायला लागलं, की तो पोट भरल्याचा इशारा समजायचा. बऱ्याच जणांना असं होतं. पुढचा एक घास मोजून महागात पडतो.

शंकेखोर

विषय नको म्हणालात तरी विचारतो, रागावू नका. दोन वेळा मोजकं जेवण आणि रोज शिवाजी पार्कला पाच फेऱ्या एवढ्यावर माझं वजन उतरलं. आता तर २०२५ पासून मौंजारो, वेगोव्ही अशी वजन उतरवणारी इंजेक्शनंही आपल्याकडे मिळतात. चांगलं जठर कापून टाकायची वेळ का यावी?

गोरेगावचे_काका

शंकेखोर, तुमचं किती उतरलं? दहा-बारा किलो? इथे लोक चाळीस-पन्नास किलोच्या गोष्टी करतायत, वर मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. इंजेक्शनं चांगली आहेत, पण बंद केली की बहुतेकांचं वजन परत चढतं. आणि स्लीव्हमध्ये जठराचा जो वरचा भाग काढतात तिथेच भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणजे फक्त जागा कमी करण्याचा हा मामला नाही. मीठभाकरताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं काही असेल तर सांगा.

पथ्यपाणी

मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये आहारतज्ज्ञ आहे, असे पेशंट रोज बघते. मीठभाकर, तुमच्या टीमचा तक्ता आणि माझं म्हणणं यात फरक पडला तर त्यांचं ऐका. त्यांनी तुमचं पोट आतून पाहिलंय.

श्रावणाचं आधी, कारण माझ्याकडे या दिवसांत येणारा प्रत्येक दुसरा फोन हाच असतो. आपल्याकडे 'वरण खाल्लं म्हणजे प्रोटीन झालं' अशी ठाम समजूत आहे. घट्ट वरणाच्या वाटीत ६-७ ग्रॅम असतं, आणि तुम्हाला जाते अर्धी वाटी. म्हणजे सकाळ-संध्याकाळ वरण खाऊनही दिवसाचे ६-७ ग्रॅमच. वरणाच्या पाण्यात तर नावापुरतंच. अर्ध्या वाटीत जास्त प्रथिनं कोंबायची तर दुधाचे पदार्थ आणि सोया यांना पर्याय नाही. १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम. ते तुकडे करून तळू नका, घरी ताजं फाडून मऊ भुर्जी करा. चक्का म्हणजे श्रीखंडाचा, पण साखर न घालता: त्यात जिरेपूड, मीठ, किसून पिळलेली काकडी. डब्यात न्यायला याच्याइतकं सोयीचं काही नाही, गरम करायला रांग लावावी लागत नाही. टोफू मऊ असतो, त्याला आपली चव नसते म्हणून लोक नाकं मुरडतात, पण आमटीत कुस्करला तर सासूबाईंनाही कळणार नाही. मुगाचं धिरडं पातळ घालून आत पनीर, कडा काढून टाकायच्या. कुळथाचं पिठलं ताकात पातळसर. नाचणी कॅल्शियमला उत्तम, पण तिला प्रथिनांचा पदार्थ समजू नका. आंबील दुधात किंवा ताकात केली तरच उपयोग.

व्हॅनिलाचा कंटाळा येणारच. चव नसलेली व्हे, म्हणजे दुधापासूनची प्रथिनांची पावडर, मिळते, ती कढीत, सुपात, आंबिलीत ढवळता येते. फक्त उकळत्या पदार्थात टाकली तर गुठळ्या होतात, कोमट झाल्यावर घाला. दुधाने पोट फुगत असेल तर व्हे आयसोलेट घ्या, त्यात दुधातली साखर फार कमी असते.

खाण्याचा क्रम कायम एकच: आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर धान्य. आपलं ताट याच्या बरोबर उलट भरलेलं असतं, म्हणून घरच्यांना ते जेवणच वाटत नाही.

आणि गोळ्या. या आयुष्यभराच्या आहेत, 'आता बरं वाटतंय' म्हणून सोडायच्या नाहीत. मल्टिव्हिटामिन, बी १२, ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम. कॅल्शियम शक्यतो सायट्रेट स्वरूपातलं, कारण ते पचायला पोटातल्या आम्लावर अवलंबून नसतं. ते एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमच्या वर घेऊन उपयोग नाही, म्हणून दिवसात विभागून. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, मध्ये दोन तास हवेत, आणि लोहाच्या गोळीवर चहा तर मुळीच नको. ऑफिसला जाणाऱ्यांना मी सांगते: लोह रात्री झोपताना, कॅल्शियम जेवणांबरोबर. रक्ततपासणी ३, ६ आणि १२ महिन्यांनी, मग दर वर्षी. शाकाहारी घरांतल्या लोकांचं बी १२ ऑपरेशनआधीच कमी निघतं, तेव्हा ते नक्की बघून घ्या.

वेसावकर

श्रावण तुमचा, आमचा काय दोष 😄 नारळी पौर्णिमा झाली की होड्या नीट लागतात, ताजा माल येतो आणि तुम्ही पनीर खाताय.

गणपतीनंतर येईल तुमचा नंबर, तेव्हासाठी सांगून ठेवते. बोंबील मऊ म्हणून सगळे ऑपरेशनवाल्यांना बोंबीलच सुचवतात. मऊ खरा, आजाऱ्याच्या तोंडाला चांगला, पण त्याच्यात पाणीच पाणी. प्रथिनांसाठी रावस किंवा पापलेट घ्या, वाफवून किंवा पातळ तिखल्यात. पापलेटचा काटा एकच आणि मांस चमच्याने सुटतं. सुरमई तव्यावर जरा जास्त झाली की कोरडी होते, ती सुरुवातीला नको. कोळंबी आणि माकूल तर बरेच दिवस लांब ठेवा, चावून चावून रबर होतात. मांदेली बारीक काट्याची, कुरकुरीत तळलेलीच खायची असते, ती तुमच्यासाठी नाही. आणि रव्याचं आवरण काढून आतला मासा खायचा, हे माझ्या नणंदेला तिच्या डाएटिशियनने सांगितलेलं.

आमच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. या कधी.

लेडीज_स्पेशल

पाण्याचं मी सांगते, कारण माझंही तेच ऑफिस, तोच मार्ग, फक्त मी बोरिवलीहून चढते.

आपण बायका सकाळी घरून निघताना पाणी पीत नाही, ही सवय शाळेपासूनची. ऑपरेशननंतर ती मोडावीच लागते. पोट लहान असल्यामुळे संध्याकाळी घरी येऊन अर्धा लिटर एकदम पिऊन भरपाई करता येत नाही, दिवसाचं दिवसालाच करावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका बाईंना ऑपरेशननंतर दोन आठवड्यांत सलाइन लावावं लागलं ते पाण्याच्याच कमतरतेमुळे. डॉक्टर म्हणाले होते की ऑपरेशननंतर लोक परत भरती होतात त्याच्या मोठ्या कारणांत हे एक आहे.

मी करायचे ते असं. उठल्यापासून निघेपर्यंत हळूहळू अर्धा लिटर. निघायच्या आधी बाथरूम. गाडीत दर दोन स्टेशनांना एक घोट, बस्स. चर्चगेटला उतरल्यावर स्टेशनवर किंवा सरळ ऑफिसात. ऑफिसात खुणा केलेली बाटली समोर ठेवायची आणि जेवणाआधी अर्धा तास, जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास ती ड्रॉवरमध्ये टाकायची. जेवताना पाणी प्यायलं की नळीतलं अन्न पुढे ढकललं जातं आणि पोट भरल्यासारखंच वाटत नाही. शिवाय स्ट्रॉने पिऊ नका, हवा जाते. सोडा, कोल्ड्रिंक नाहीच.

लघवी गडद पिवळी, उठताना चक्कर, ओठ कोरडे, असं झालं तर ऑफिस गेलं खड्ड्यात, पाणी आधी.

अजून एक, गर्दीचं. पहिले दोन आठवडे ऑफिसला वेळ बदलून मागा. सकाळी ९ च्या फास्टमध्ये पोटावर कुणाचं कोपर बसलं तर काय करणार? आणि आपला लोकलचा लेडीज डबा किती प्रेमळ आहे ते माहीत आहे. कुणाचा वाढदिवस, कुणाचं प्रमोशन, ढोकळा फिरतोच. मी सरळ सांगून टाकलं होतं, पोटाचं ऑपरेशन झालंय. कसलं, ते कुणी विचारलं नाही.

सायली_मुलुंड

केसांचं कुणीच बोललं नाही. माझे तिसऱ्या महिन्यापासून पुंजकेच्या पुंजके हातात येतायत. आईने जास्वंदीचं तेल आणलंय. आणि एक खाजगी प्रश्न: घरी लग्नाची बोलणी चालू आहेत, पुढे मूल वगैरे, त्याला काही अडचण?

पथ्यपाणी

सायली, वजन झपाट्याने उतरल्यावर तीन ते सहा महिन्यांत केस गळणं हे अपेक्षित आहे, बहुतेकांचे परत येतात. तेल लावा, आईला बरं वाटेल. पण प्रथिनं, लोह, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), झिंक तपासा. वर्ष होऊन गेलं तरी गळतच असतील तर तपासणीशिवाय राहू नका.

मुलाबाबत: ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात, वजन उतरत असताना बाळाला पोषण कमी पडू शकतं. त्यानंतर अडचण नाही, उलट पाळी नियमित होऊन शक्यता वाढते. म्हणूनच काळजी घ्या, कारण वजन उतरायला लागलं की पूर्वी न राहणारे दिवस अचानक राहतात. तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर बायपासनंतर फार विसंबू नये, स्त्रीरोगतज्ज्ञांशी दुसरा उपाय बोला. लग्नाच्या बोलण्यात सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

ठाण्याचा_नवरोबा

नवऱ्याच्या बाजूने लिहितो. बायकोची मिनी बायपास (बायपासचाच सुटसुटीत प्रकार) झाली तेव्हा मला वाटलेलं, स्वयंपाक कमी झाला, सुटलो. प्रत्यक्षात घरातलं सगळ्यात जड काम म्हणजे आग्रह अडवणं.

आपल्याकडे 'नको' हे उत्तर धरत नाहीत. 'नको' म्हटलं की अर्धी वाढतात. 'डॉक्टरांनी सांगितलंय' म्हटलं की 'एका घासाने काय होतंय'. मला शेवटी उपयोगी पडलं ते असं की पंगतीत मी तिच्या शेजारी बसतो आणि वाढप्याला हात मी करतो. तिच्या ताटात लहान वाट्या, अगोदरच अर्ध्या भरलेल्या. रिकामं ताट दिसलं की लोक वाढतात, म्हणून ताटात शेवटपर्यंत काहीतरी दिसायला हवं. उरलेलं मी संपवतो. माझं वजन वाढलंय हे खरं.

मीठभाकर वहिनी, गणपतीच्या आधी सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडे बरोबर न्या. आमच्या आईने सर्जनच्या तोंडून ऐकल्यावर तीच इतरांना दटावायला लागली. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरने सांगितलेलं यात आपल्याकडे फरक असतो, काय करणार.

हिशेबनीस

थोडं विषयाबाहेर, पण कुणी ऑपरेशनच्या विचारात असेल तर. विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित अटींप्रमाणे दावा मान्य व्हायला वय १८ पूर्ण, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह असं काही गंभीर लागतं, आणि आधीचे साधे उपाय करून झालेले असावे लागतात. डॉक्टरी निकष आशियाई लोकांसाठी याहून खालचे आहेत, २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात २७.५ पासून विचार करता येतो असं म्हटलंय. म्हणजे डॉक्टर 'हो' म्हणतील आणि विमा 'नाही' म्हणेल अशी मोठी पट्टी मध्ये आहे. प्रतीक्षा काळ पॉलिसीत वाचा, आणि आधीच्या डाएटचे, औषधांचे कागद जपून ठेवा.

मीठभाकर

किती लिहिलंत सगळ्यांनी! आठवडा गेला ऑफिसचा, म्हणून आज उत्तर.

मसाला चक्का सुपरहिट. छोट्या थर्मासात मुगाचं कढण, त्यात चव नसलेली पावडर कोमट झाल्यावर. मायक्रोवेव्हची रांग सुटली आणि बसून खायला पूर्ण अर्धा तास मिळाला. अकराला चक्का, दीडला पनीर भुर्जी चार चमचे आणि दुधी शिजवून मऊ, चारला ताक. घरी आल्यावर धिरडं. मोजलं तर ५५ च्या आसपास जातं, उरलेलं पावडरीने.

टोफू आमटीत घातला. सासूबाईंना कळला. 'हे काय पांढरं' म्हणाल्या, पण काढून न टाकता खाल्ला.

काका, प्रसादाचं सांगा ना. उकडीचा मोदक?

गोरेगावचे_काका

मी बायपासवाला, मला मोदक म्हणजे परीक्षा. गूळ-खोबरं एकदम आतड्यात उतरलं की दहा-पंधरा मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, आडवं पडावंसं वाटतं. डंपिंग म्हणतात त्याला. काहींना उलट दोन-तीन तासांनी साखर उतरून हातपाय थरथरतात. स्लीव्हवाल्यांना हे कमी होतं, पण होत नाही असं नाही. शिवाय वरची उकड चिकट असते, ती अडकू शकते. मी आतलं सारण चमचाभर खातो, तेही जेवणाच्या शेवटी, रिकाम्या पोटी नाही. तूप जपून.

ऋषीपंचमीची भाजी मात्र तुमच्यासाठीच केल्यासारखी. मऊ, बिनतेलाची. त्यातली मक्याची कणसं आणि माठाचे जून देठ बाजूला काढा, तंतू अडकतात. साबुदाण्याच्या नादी लागू नका, नुसता पिठूळ चिकटपणा.

आता जे कुणी पहिल्या वर्षी ऐकत नाही ते. पहिल्या वर्षा-दीड वर्षात काहीही खाल्लं तरी काटा खाली येतो, आणि माणूस समजतो आपण जिंकलो. दीड-दोन वर्षांनी भूक परतते, पोटात थोडं जास्त मावायला लागतं, थोडं वजन परत चढणं बऱ्याच जणांचं होतं. जास्त चढतं ते जेवणाने नाही, येता-जाता तोंडात टाकलेल्याने. शेव, चिवडा, आईस्क्रीम, बिस्किट-चहा, हे घसरून जातं, पोटाला कळतच नाही. आमच्या गटातल्या ज्यांचं परत चढलं त्यांचं जेवण अजूनही एवढंसंच आहे. दारूचंही तेच, आणि ती बायपासनंतर फार पटकन चढते, दोन पेगांचा हिशेब जुना राहत नाही.

लेडीज_स्पेशल

आणि अंगदुखीच्या गोळ्या! लोकलमध्ये पर्समधून सगळ्या एकमेकींना कॉम्बिफ्लाम देत असतात. त्यात आयबुप्रोफेन असतं. बायपासवाल्यांना असल्या गोळ्यांनी जोडाच्या ठिकाणी अल्सर होऊ शकतो. स्लीव्हवाल्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये. साधी पॅरासिटामॉल चालते.

पथ्यपाणी

बरोबर. आणखी एक, जे तक्त्यात शेवटच्या ओळीत असतं म्हणून कुणी वाचत नाही. उलट्या होत राहिल्या, दोन-तीन दिवस पोटात काहीच टिकत नसेल, तर 'काहीतरी अडकलं असेल, जाईल' म्हणून घरी बसू नका. बी १ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा फार लवकर संपतो. पायांत मुंग्या, चालताना तोल जाणं, डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणं, गोंधळल्यासारखं वागणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. तिथे गेल्यावर ऑपरेशन झाल्याचं आवर्जून सांगा, कारण ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी थायामिन, म्हणजे हेच बी १, द्यावं लागतं. जवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये हे प्रत्येकाच्या लक्षात येईल असं धरून चालू नका.

पहिल्या काही आठवड्यांत ताप, छातीत सतत धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, पोटरी सुजणं, यालाही थांबायचं नाही. आणि पुढच्या काही महिन्यांत जेवणानंतर उजवीकडे बरगडीखाली कळ आली तर पित्ताशयातले खडे असू शकतात, झपाट्याने उतरणाऱ्या वजनाबरोबर ते येतात. काही डॉक्टर त्यासाठी सुरुवातीपासूनच गोळी देतात.

नवीन_सभासद_दादर

नमस्कार, वाचत होतो, आत्ताच नाव नोंदवलं. बाबांची बायपास होऊन दोन आठवडे झाले. मधुमेह जुना आहे, ग्लिमेपिराइडची गोळी आधीसारखीच सकाळी चालू आहे. जेवण अगदीच थोडं. आत्ता घाम आला म्हणून मशीनवर बघितलं तर साखर ५८. गोड द्यायचं नाही असं तुम्ही वर लिहिलंय, मग काय देऊ?

पथ्यपाणी

द्या. आत्ता लगेच. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर थोड्या पाण्यात, घोट घोट. किंवा ग्लुकोज पावडर. १५ मिनिटांनी परत मोजा, ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की ताक किंवा चक्का, म्हणजे टिकेल. गुंगीत असतील तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

ती गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उद्या सकाळी देऊ नका. बायपासनंतर पहिल्या दिवसांपासूनच साखर उतरते, आणि ही गोळी जेवण असो-नसो साखर खाली ओढते. ऑपरेशननंतर मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे डोस बदलावे लागतात, त्यांच्या डॉक्टरांना आत्ता फोन लावा. सकाळची वाट बघू नका.

नवीन_सभासद_दादर

साखरपाणी दिलं. ९१ आली. चक्का नव्हता, दही दिलं दोन चमचे. सर्जनच्या असिस्टंटने फोन उचलला, गोळी बंद करायला सांगितली, रात्री झोपताना आणि पहाटे मोजायला सांगितलंय. उद्या अकराला बोलावलंय.

मीठभाकर

बरं झालं लगेच विचारलंत. उद्या जाताना त्यांच्या सगळ्या जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नुसती नावं सांगू नका. आणि रक्तदाबाची असेल तर तीही दाखवा.